चेहऱ्याचे छायाचित्र : आरंभीचे धडे

ज्यांच्या हाती कॅमेरा नुकताच आला आहे, त्या विद्यार्थ्यांसाठी आम्ही हे लिहीत आहोत. कॅमेऱ्यासोबत येणारी १८-५५ मिलिमीटरची लेन्स आरंभी पुरेशी आहे. ती १८ वर ठेवून आजीच्या अगदी जवळ गेल्यास नाक मोठे व कान लहान दिसतात. म्हणून ५५ वर फिरवावी आणि पाच-सहा फूट मागे सरावे. पुढे घ्यायचीच झाली, तर ५० मिलिमीटर, एफ १.८ ही स्वस्त लेन्स घ्यावी. ती मात्र एफ २.८ वर वापरावी, कारण पूर्ण उघडल्यास एक डोळा रेखीव व दुसरा धूसर होतो. फोकस जवळच्या डोळ्यावर असावा.

खरी अडचण प्रकाशाची. कॅमेऱ्याचा प्रकाशमापक समोरचे दृश्य मध्यम करड्या छटेचे आहे असे गृहीत धरतो. पांढरी साडी, मागे चुन्याची भिंत असली की तो प्रकाश घटवतो आणि सावळा चेहरा काळवंडतो. फिल्मच्या काळात कोडॅकच्या रंगछपाईचे प्रमाण म्हणून गोऱ्या स्त्रीचे छायाचित्र वापरत. त्यास ‘शर्ली कार्ड’ म्हणत. माप कोणाच्या त्वचेचे, हा प्रश्न इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथेही विचारावा.

अशा वेळी एक्स्पोजर अधिक १ करावे व पडद्यावर चेहरा तपासावा. साडीची वीण थोडी हरवली तरी चालेल. आजीला दाराच्या आत, उन्हाबाहेर, उजेड एका बाजूने येईल असे बसवावे. छपाईवाला ‘रंग उजळ करू का?’ असे विचारील, त्यास स्पष्ट नकार द्यावा.