चार इंचांची पट्टी

मुलांनो, तुम्ही अँबॅसडर मोटार पाहिली असेल. मॉरिस ऑक्सफर्ड या इंग्लिश गाडीवरून ती घडविण्यात आली होती. त्याच मॉरिस घराण्यातील धाकटे भावंड म्हणजे मॉरिस मायनर. तिची ही गोष्ट.

१९४५ साली दुसरे महायुद्ध संपले. इंग्लंड विजयी झाले खरे. पण देश थकला होता. पेट्रोल मोजूनमापून मिळत होते. अशा दिवसांत ऑक्सफर्डजवळील काउली येथे सामान्य कुटुंबासाठी एक लहान मोटार आकार घेत होती. तिचे रचनाकार होते अलेक इसिगोनिस. मोटार लहान असली तरी ती हलक्या प्रतीची असू नये, असा त्यांचा आग्रह होता. म्हणून त्यांनी चाके छोटी घेतली, इंजिन पुढे सरकविले आणि आत बसणाऱ्यांना ऐसपैस जागा करून दिली.

१९४७ साली नमुना सिद्ध झाला. बंपरही तयार होऊन आले. परंतु इसिगोनिसांच्या नजरेला गाडी अरुंद वाटू लागली. आता काय करावे? त्यांनी तो नमुना पुढून मागपर्यंत मधोमध कापविला. दोन्ही भाग हळूहळू दूर सारले. प्रमाण मनाजोगे दिसताच ते थांबले. मधले अंतर भरले चार इंच!

तयार बंपर वाया कसे घालवावयाचे? तेही मधोमध कापून चार इंचांचा तुकडा जोडण्यात आला. बॉनेटच्या मध्यभागी एक सपाट पट्टी आली.

कारखान्याचे संस्थापक लॉर्ड नफील्ड यांना मात्र ही गाडी मुळीच रुचली नाही. पाण्यात शिजविलेल्या अंड्याची उपमा देऊन त्यांनी तिची थट्टा केली. तरीही ऑक्टोबर १९४८ मध्ये लंडनच्या प्रदर्शनात ती लोकांपुढे आली. तिचा गोलसर घाट, वळणावरची स्थिर चाल आणि साधेपणा लोकांना भावला. गावोगाव फिरणाऱ्या परिचारिका तिच्यातून रुग्णांकडे जाऊ लागल्या. १९६१ च्या प्रारंभी तिने दहा लाखांचा टप्पा ओलांडला. हा मान मिळविणारी ती पहिली ब्रिटिश मोटार होय. १९७१ पर्यंत सोळा लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या.

हातून पुरे झालेले काम पुन्हा मोडणे सोपे नसते. त्यात खर्च होतो, वेळ जातो आणि लोक हसतात. इसिगोनिसांनी हे सारे पत्करले. बॉनेटवरील ती पट्टी अखेरच्या गाडीपर्यंत तशीच राहिली.

स्वाध्याय
१. इसिगोनिसांनी तयार नमुना का कापविला?
२. पुरे झालेले काम तुम्ही पुन्हा केल्याचा एखादा प्रसंग लिहा.