गच्चीवरची पालेभाजी आणि मुलांचे रक्त

तपासणी संपली की 'बाळाला हिरव्या पालेभाज्या द्या' हे वाक्य आम्ही बालरोगतज्ज्ञ सवयीने उच्चारतो. उधना, लिंबायत, डिंडोली येथे खानदेशातून येऊन स्थिरावलेल्या अनेक घरांत मात्र महिनाअखेरीस प्रथम काटली जाते ती भाजीच. घरभाडे आणि पीठ-डाळ कोण टाळणार? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) गुजरातमधील ६ ते ५९ महिने वयाच्या बालकांपैकी ७९.७ टक्के रक्तक्षयग्रस्त आढळली. देशाचे प्रमाण ६७.१ टक्के होते.

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेत २००० कॅलरींच्या आहारासाठी रोज ४०० ग्रॅम भाज्या सांगितल्या आहेत. चौघांच्या घराला दीड किलोच्या आसपास! एवढे गच्चीवर पिकत नाही, म्हणून 'घरचाच भाजीबाजार' ही घोषणा मला पटत नाही. आठवड्यातून दोनदा ताजा पाला मात्र सहज मिळतो. फळभाजीला दोन-तीन महिने लागतात. मेथी, माठ महिन्याभरात ताटात येतात. मेथीदाणे आणि हलके रगडून दोन फाके केलेले धणे स्वयंपाकघरातलेच चालतात. दुकानातील गुलाबी रंग लावलेले बियाणे मात्र बुरशीनाशकाचे असते. ते मुलांच्या हाती लागू देऊ नये.

'प्रयोग परिवारा'चे प्रणेते श्रीपाद दाभोलकर यांनी थोड्या जागेतील नगरशेतीचा विचार महाराष्ट्रात रुजवला. पालापाचोळा आणि भाजीची देठे कुजवून माती घरीच करावी, हे त्यातले मला सर्वांत उपयुक्त वाटते. बियाणेही जपता येते. अकोले तालुक्यातील कोंभाळणे येथील राहीबाई पोपेरे (पद्मश्री, २०२०) यांनी गावरान वाणांचे मोठे काम त्याच मार्गाने उभे केले.

कुंड्यांविषयी विशेष सावधगिरी हवी. डाइंग मिलमधून भंगारात येणारे रसायनांचे पिंप स्वस्त मिळतात आणि कितीही धुतले तरी भाजीसाठी वर्ज्यच मानावेत. त्यापेक्षा सिमेंटची जुनी गोणी झटकून, धुऊन वापरणे बरे. खाडीचे पाणी झाडांना घालू नये. कुंडीखालची बशी आठवड्यातून एकदा तरी कोरडी करून घासावी; डेंग्यूच्या डासाची अंडी ते डास ही वाढ आठ-दहा दिवसांत पूर्ण होते. (सुरतेत हे निराळे सांगायला नको!)

पानांतील लोह शरीरात कमी शोषले जाते. भाजीवर लिंबू पिळल्यास ते वाढते, जेवणासोबतच्या चहाने घटते. आपल्याकडे दोन-तीन वर्षांच्या मुलालाही बशीत चहा देतात, ती सवय मोडलीच पाहिजे. शेवग्याचा कोवळा पाला वरणात शिजवला तर मुले तक्रार करीत नाहीत. आपण पेरलेले आपण खावे, ही हौसही लहानग्यांत असते. तथापि रक्तक्षय झालेल्या बालकाचे लोहाचे औषध भाजीच्या भरवशावर बंद करू नये. पाच वर्षांखालील मुलांना 'ॲनिमिया मुक्त भारत' कार्यक्रमात आठवड्यातून दोनदा १ मिलिलिटर सिरप, म्हणजे २० मिलिग्रॅम लोह, प्रतिबंधासाठी दिले जाते; उपचाराचा डोस वजनानुसार वेगळा ठरतो.

मेथी-कोथिंबीर नवरात्रानंतर पेरावी, उन्हाळ्यात माठ घ्यावा. पावसाच्या तोंडावर कठड्याशी गिलक्याचे दोन वेल लावले, तर भाद्रपदात शेजाऱ्यांनाही वाटता येतात.