पाळी चुकल्यापासून बाराव्या आठवड्यापर्यंत

गरोदरपणाचे दिवस गर्भ राहिल्यापासून नव्हे, तर शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. त्यामुळे महिन्याच्या महिन्याला पाळी येणाऱ्या बाईची पाळी चुकते, त्या दिवशीच हिशेबाने चार आठवडे भरलेले असतात. प्रत्यक्षात गर्भ जेमतेम दोन आठवड्यांचा असतो. हा फरक ठाऊक नसला की घराघरांत गोंधळ उडतो. नवरा महिनाभरापूर्वी गावी आलेला असतो, रिपोर्टवर ‘सहा आठवडे’ लिहिलेले असते आणि नको त्या शंका निघतात. लोकांच्या तोंडी नऊ महिने नऊ दिवस असले, तरी दवाखान्यातला हिशेब 280 दिवसांचा, म्हणजे साधारण नऊ महिने सात दिवसांचा. पाळी अनियमित असेल तर पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीत गर्भाची लांबी मोजून काढलेली तारीख धरतात. पुढच्या महिन्यांतल्या सोनोग्राफीपेक्षा ती अधिक भरवशाची असते.

औषधाच्या दुकानात मिळणारी पट्टी लघवीतले एचसीजी हे संप्रेरक ओळखते. सकाळची पहिली लघवी घ्यावी. दुसरी रेघ फिकट असली तरी वेळेत उमटलेली रेघ ही रेघच. एकच रेघ आली आणि पाळीही आली नाही, तर आठवड्याने पुन्हा तपासावे. गर्भ राहिला आहे एवढेच पट्टी सांगते. तो कुठे राहिला आहे, हे तिला कळत नाही. पुढचे बरेच धोके या एका मर्यादेत दडलेले आहेत.

पाचव्या-सहाव्या आठवड्यापासून मळमळ सुरू होते, नवव्याच्या आसपास ती शिगेला पोहोचते आणि बहुतेकींना चौथ्या महिन्यात उतार पडतो. तिला सकाळची वेळ लागतेच असे नाही. फोडणीचा वास, भात शिजल्याची वाफ, एवढेही पुरते. छाती जड होणे, लघवीला वारंवार जाणे, दुपारीच गळून जाणे हेही नेहमीचेच. उठल्याबरोबर कोरडे काही खावे आणि दिवसभर थोडे थोडे खात राहावे. दोन जिवांचे म्हणून दुप्पट जेवण्याची या महिन्यांत गरज नसते आणि ते जातही नाही. मात्र पाण्याचा घोटही टिकत नाही, लघवी कमी व गडद होते, वजन उतरते, तेव्हा त्याला डोहाळे म्हणून सोडून देऊ नये. सलाईन लागू शकते. उलट्यांवर गरोदरपणात चालणाऱ्या गोळ्याही आहेत.

अंगावर लाल किंवा तपकिरी जाणे हा या काळातला सर्वांत घाबरवणारा प्रकार. पहिल्या तीन महिन्यांत सुमारे चौघींत एकीला थोडा तरी रक्तस्राव होतो आणि त्यातल्या पुष्कळ जणींचे गरोदरपण पुढे नीट पार पडते. कळलेल्या गरोदरपणांपैकी दहा ते पंधरा टक्के मात्र आपोआप संपतात. यातल्या निम्म्याहून अधिक गर्भपातांत गर्भाच्या गुणसूत्रांतच दोष असतो. तो स्कूटरवर बसल्याने, पिकलेली पपई खाल्ल्याने किंवा ग्रहणात भाजी चिरल्याने होत नाही. सुनेने काय उचलले, काय खाल्ले याची उलटतपासणी घेणाऱ्या घरांत ही माहिती आधी पोहोचायला हवी.

रक्तस्रावासोबत एका कुशीत दुखत असेल, तर पहिली शंका गर्भ नलिकेत राहिल्याची घ्यावी. शंभरात एक-दोन गरोदरपणांत असे घडते. पातळ नलिका वाढत्या गर्भाला पुरत नाही, साधारण सहाव्या ते आठव्या आठवड्यात ती फुटू शकते आणि रक्त पोटात साचते. बाहेर दिसणारे रक्त थोडेच असते, म्हणून फसगत होते. प्रस्तुत लेखिकेच्या पहिल्या खेपेस असेच घडले. पट्टीवर दोन रेघा आलेल्या होत्या. तपकिरी डाग दिसले तेव्हा उशिरा आलेली पाळी समजली गेली, उजव्या कुशीतल्या दुखण्यावर ओवा-हिंग झाले. एका दवाखान्यातून पित्ताच्या गोळ्या मिळाल्या. पाळीची तारीख तिथे कोणी विचारलीच नाही. पुढे उभे राहताना घेरी आली आणि खांद्याचे टोक दुखू लागले. पोटातले रक्त श्वासपटलाला लागले की त्याची कळ खांद्यात उठते, हे तेव्हा घरात कोणाला ठाऊक असणार? सोनोग्राफीत पोटात रक्त दिसले आणि नलिका काढावी लागली. लवकर निदान झाले तर अनेकदा मेथोट्रेक्झेटच्या इंजेक्शनवरही भागते.

म्हणून दवाखान्यात गेल्यावर दुखणे सांगण्याआधी पाळी चुकल्याचे आणि पट्टीच्या निकालाचे सांगावे, विचारण्याची वाट पाहू नये. घेरी, खांदेदुखी, पोटात असह्य कळ किंवा तासाभरात पॅड भिजवणारा रक्तस्राव असेल तर 108 ला फोन करावा. पूर्वी नलिकेत गर्भ राहिलेला असेल, नलिकेचे ऑपरेशन वा ओटीपोटात जंतुसंसर्ग झालेला असेल, तांबी बसवलेली असेल, तर दक्षता अधिक हवी. कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झालेल्या बाईची पाळी चुकली तर हसण्यावारी नेले जाते. अशा वेळी राहिलेला गर्भ नलिकेत असण्याची शक्यता उलट जास्त असते. नको असलेल्या गर्भासाठी दुकानातून परस्पर गोळ्या घेणे याच कारणाने घातक ठरते: त्या गोळ्यांनी नलिकेतला गर्भ पडत नाही, रक्तस्राव मात्र होतो आणि काम झाले असे वाटते.

योनिमार्गातून केलेल्या सोनोग्राफीत पाचव्या आठवड्याच्या सुमारास गर्भपिशवीतली सॅक आणि सहाव्याच्या पुढेमागे हृदयाचे स्पंदन दिसते. स्पंदन दिसले नाही म्हणजे सगळे संपले असे नव्हे. तारखेत चूक असू शकते, आठवड्या-दोन आठवड्यांनी पुन्हा पाहतात. रक्तगट निगेटिव्ह असल्यास रक्तस्रावानंतर अँटी-डी इंजेक्शन लागेल का, हे विचारून घ्यावे. हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड, एचआयव्ही यांच्या तपासण्या याच काळात होतात. विदर्भात सिकलसेलची तपासणी टाळू नये.

फोलिक अ‍ॅसिडची 400 मायक्रोग्रॅमची गोळी खरे तर गर्भ राहण्याआधीपासून हवी, कारण बाळाची मज्जानलिका सहाव्या आठवड्याच्या आसपास मिटते आणि तोवर पुष्कळ जणींनी दवाखान्याची पायरीही चढलेली नसते. फिट्स, रक्तदाब किंवा मुरुमांची औषधे चालू असतील तर पहिल्याच भेटीत दाखवावीत. फिट्सची गोळी मनाने बंद करू नये.

तीन महिने बाहेर सांगायचे नाही ही रीत शेजारीपाजाऱ्यांपुरती ठेवावी. आशाताईंकडे किंवा उपकेंद्रात बाराव्या आठवड्याच्या आत नोंदणी करून माता-बाल संरक्षण कार्ड घ्यावे. अकरा ते पावणेचौदा आठवड्यांच्या दरम्यान गर्भाच्या मानेमागची जाडी मोजणारी सोनोग्राफी आणि जोडीला डबल मार्करची रक्ततपासणी होते. त्यातून डाऊन सिंड्रोमची शक्यता कळते, खात्री होत नाही. त्यावेळी भरून घेतला जाणारा एफ फॉर्म 1994 च्या गर्भलिंगनिदानविरोधी कायद्यापायी असतो. चौथा महिना लागला की लोहाच्या गोळ्या सुरू होतात.