तळ्यावरील हिरवी साय व विषाची जनुके

उन्हाळ्यात साचलेल्या पाण्यावर पुष्कळदा हिरवी साय धरते. मायक्रोसिस्टिस नावाच्या निळ्या-हिरव्या शेवाळामुळेही ती येते. लोक त्यास शेवाळ म्हणत असले, तरी शास्त्रदृष्ट्या तो जीवाणूच होय. त्याचे काही वाण यकृतास घातक असे मायक्रोसिस्टिन हे विष तयार करतात, तर काही करीत नाहीत. सूक्ष्मदर्शकाखालीही दोन्ही सारखेच दिसतात. खरा भेद जनुकांत असतो.

हे विष घडविणाऱ्या १० जनुकांचा गट २००० साली संशोधकांनी उलगडला. या जनुकांपासून बनणारी विकरे अमिनो आम्ले एकामागून एक जोडून विषाचे वलय तयार करतात. पाण्याच्या नमुन्यात ही जनुके आढळल्यास धोक्याची पूर्वसूचना मिळते. विषाचे प्रमाण मात्र स्वतंत्र तपासणीनेच ठरते.

अमेरिकेतील टोलेडो शहरास ईरी सरोवराचे पाणी मिळते. ऑगस्ट २०१४ मध्ये त्यात हे विष आढळले, तेव्हा पाणी पिऊ नये व उकळूही नये, असा इशारा नागरिकांना देण्यात आला. कारण उकळल्याने हे विष नष्ट होत नाही.

म्हणून अशी साय धरलेले पाणी पिऊ नये, गुरांनाही पाजू नये व त्याची तपासणी करून घ्यावी.