दोंडाईच्याची जाळी

चाळीसगाव

चि. नीलेश,

हर्नियाचं ऑपरेशन पुण्या-मुंबईलाच करायचं आणि जाळी परदेशीच हवी, म्हणून तू ते लांबवतो आहेस असं वहिनींकडून कळलं. मला हा हिशेब चुकीचा वाटतो. हर्निया म्हणजे पोटाच्या भिंतीला पडलेलं भोक. ते औषधाने बुजत नाही, पट्ट्याने नुसतं दाबलं जातं. पूर्वी त्याच्या कडा ओढून शिवत, मग ताण पडून टाके सुटायचे. 1980 च्या दशकात अमेरिकेत लिक्टेन्स्टाइन यांनी ताण न देता जाळी बसवायची पद्धत रूढ केली. भिंत बळकट होते ती जाळीच्या विणीतून आपलंच मांस वाढतं म्हणून, तिच्या डब्यावरच्या किमतीमुळे नव्हे. हे ओळखलं आपल्या खान्देशातल्याच एका सर्जनने. दोंडाईच्याच्या डॉ. टोणगावकरांनी मच्छरदाणीचं कापड निर्जंतुक करून वापरलं आणि 2003 मध्ये अनेक ठिकाणच्या रुग्णांचे निष्कर्ष सर्जनांच्या नियतकालिकात छापले.

मच्छरदाणी पोटात म्हटल्यावर तुझ्या कपाळावर आठ्या पडतील. शंका रास्तच आहे, आणि ती तपासूनही झाली आहे. युगांडात 302 पुरुषांवर महागडी जाळी आणि मच्छरदाणीची जाळी यांची तुलना केली, निकाल 2016 मध्ये आला. वर्षभरात मच्छरदाणीच्या गटात एकाला हर्निया पुन्हा झाला, महागड्या गटात कुणालाच नाही. बाकी त्रास जवळपास सारखा. एवढ्यावरून तुला मच्छरदाणीच लावून घे असं मी सांगत नाही, देशी कंपन्यांच्या जाळ्या आता सहज मिळतात. पण परदेशी जाळीसाठी थांबण्यात अर्थ नाही. डॉक्टरांना जाळीचा भाव विचारण्यापेक्षा महिन्याला किती हर्निया करता ते विचार. दुर्बिणीचं ऑपरेशन दोन्ही बाजूंना किंवा दुसऱ्यांदा हर्निया असेल तर सरस. तुझा पहिलाच आणि एका बाजूचा, तो उघड्या पद्धतीनेही उत्तम होतो.

ऑपरेशननंतर घरचे महिनाभर अंथरुणावर झोपवतील, तेवढं ऐकू नकोस. त्याच संध्याकाळी, नाहीतर दुसऱ्या सकाळी चालायला लाग. दुखणं सोसेल तशी हलकी कामं आठवड्याभरात करता येतात. कपाशीची गाठोडी उचलायला मात्र डॉक्टर सांगतील तेव्हाच हात लाव. शौचाला कुंथू नकोस, खोकला अंगावर काढू नकोस आणि विडी सोड.

वेचणी आटोपल्यावर बघू, असं तू म्हणशील. त्रास नसेल तर डॉक्टरांना विचारून थांबायला हरकत नाही. पण फुगवटा आत जाईनासा झाला, दुखू लागला किंवा उलट्या झाल्या, तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री दवाखान्यात जा.

तुझा काका