भंडाऱ्याहून विमान: नागपूर गाठावं की गोंदिया?

भंडारा जिल्ह्यातून प्रवासी विमान सुटत नाही. पर्याय दोन: नागपूर आणि गोंदियाजवळचं बिरसी. हैदराबादला जायचंय असं धरून हिशेब करू.

नागपूर ते हैदराबाद सरळ रेषेत सुमारे ४३० किमी, बिरसीहून सुमारे ५१५. नागपूरहून जेटला साधारण सव्वा तास लागतो, बिरसीहून छोट्या एटीआरला दीड तास किंवा थोडा जास्त. हा फरक किरकोळ आहे. खिसा रिकामा होतो तो घरापासून विमानतळापर्यंत.

भंडारा शहर आणि पवनीकरांनी सरळ नागपूर धरावं. तुमसरकरांनी बिरसीचा विचार करायला हरकत नाही: तुमसर रोडहून रेल्वेने नागपूर ८० किमी, गोंदिया ५०. मात्र गोंदिया स्टेशनवरून कामठा गावाच्या बाजूला आणखी पंधराएक किमी जावं लागतं. ऑटोत बसण्याआधी भाडं ठरवा, परतीचंही विचारा. बिरसीचा इतिहासही लक्षात ठेवा. मार्च २०२२मध्ये फ्लायबिगने सेवा सुरू केली, ती काही महिन्यांत थांबली. १ डिसेंबर २०२३ला इंडिगो आली. म्हणून तुमच्या तारखेचं उड्डाण आहे का, हे कंपनीच्याच संकेतस्थळावर पाहा. ऐनवेळी रद्द झालं तर नागपूरला दुसरं विमान शोधता येतं, बिरसीला ती सोय नाही.

आता टॅक्सी. भंडारा शहर ते नागपूर विमानतळ साधारण ७० किमी, पण बिल येतं जाऊन-येऊन १४०चं. समजा दर किमीला १४ रुपये, तर १,९६० झाले. त्यावर टोल, थांबण्याचे पैसे आणि पहाटेचं विमान असेल तर चालकाचा रात्रीचा भत्ता. ‘सगळं धरून किती?’ एवढं विचारा आणि उत्तर व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. स्वतःची गाडी असेल आणि २४ तासांत परतणार असाल तर टोल दोन्ही वेळचा मिळून दीडपटच लागतो. फास्टॅगमधून जास्त कापला गेला तर तक्रार करा.

स्वस्तातला मार्ग एसटीचा. कंडक्टरला सांगून पारडीकडे उतरा, प्रजापती नगरहून मेट्रो धरा, सीताबर्डीला बदला, एअरपोर्ट स्टेशनला उतरा. स्टेशन टर्मिनलच्या दारात नाही, त्यामुळे जड बॅगा असतील तर पुढे ऑटो लागेल. पहाटे किंवा रात्री उशिराच्या विमानाला मेट्रोच्या भरवशावर राहू नका.

तिकिटाचा पहिला आकडा खरा नसतो. सुरक्षा शुल्क, विमानतळाचं शुल्क, जीएसटी हे टाळता येत नाही. मात्र सुविधा शुल्क, आधीच खूण केलेला विमा आणि सीटचे पैसे तपासा. विमा नको असेल तर खूण काढा. इंडिगोच्या साध्या तिकिटावर १५ किलोची बॅग आणि हातात ७ किलो. तांदळाचं पोतं न्यायचं असेल तर घरीच वजन करा, जादा किलोचा दर काउंटरवर झोंबतो.

कागदपत्रं थोडी: आधार, मतदार ओळखपत्र किंवा वाहन परवाना, मूळ प्रत, दोन वर्षांखालच्या बाळाचा जन्मदाखला. नाव तिकिटावर आणि ओळखपत्रावर एकसारखं हवं. कंपनीच्या संकेतस्थळावरून तिकीट काढलं असेल तर २४ तासांत नावातली किरकोळ चूक फुकट दुरुस्त होते. इंडिगोचा काउंटर विमानाच्या ६० मिनिटं आधी बंद होतो, तेव्हा दोन तास आधी पोहोचा. तिकीट रद्द करावं लागलं तर ‘परतावा नाही’ असं लिहिलेलं असलं तरी विमानतळाचं आणि सुरक्षेचं शुल्क मागून घ्या. ते परत मिळतं.