मातीतील जीवाणू आणि पोटाचे आरोग्य

धाराशिव जिल्ह्यात तुरीचे रोप मुळांसह हलकेच उपटले, तर मुळांवर बारीक गाठी दिसतात. त्यांत रायझोबियम जीवाणूंची वस्ती असते. हवेतील नत्र ते पिकाला मिळवून देतात. मोबदल्यात पीक त्यांना शर्करा पुरविते. हॉलंडचे शास्त्रज्ञ बायेरिंक यांनी १८८८ साली हे जीवाणू प्रथम वेगळे केले. आपल्या वरणातील प्रथिनांमागे त्यांचे श्रम असतात. मायकोरायझा ही बुरशीही मुळांना स्फुरद व जस्त आणून देते. चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत जस्त असूनही पिकास सहज मिळत नाही, म्हणून हे साहाय्य मोलाचे ठरते.

पुढील कार्य पोटात घडते. ज्वारी, तूर व हरभरा यांतील तंतुमय भाग लहान आतड्यात पचत नाही. मोठ्या आतड्यातील जीवाणू तो आंबवितात व त्यातून ब्युटिरिक आम्ल तयार होते. तेथील अस्तराच्या पेशींचे हे मुख्य इंधन होय. मातीतील जीवाणू अन्न घडवितात आणि पोटातील जीवाणू त्याचा उरलेला अंश उपयोगी आणतात, असा हा संबंध आहे.

मात्र भाजी न धुता खाल्ल्यास मातीतील जीवाणू पोटास लाभतात, असा समज करून घेऊ नये. ताज्या शेणाबरोबर व मैल्याबरोबर जंतांची अंडी व रोगजंतूही येतात. म्हणून शेणखत पूर्ण कुजवूनच वापरावे आणि भाजी स्वच्छ धुवावी.

जिल्ह्यात खरिपाचे मोठे क्षेत्र आज सोयाबीनकडे वळले आहे. ते पीक बाजारात जाते. घरच्या ताटातील विविधता मात्र कमी होते. १९९३ च्या भूकंपानंतर या भागात कार्य करणाऱ्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने महिलांना सुमारे एक एकरात धान्ये, कडधान्ये व भाज्या सेंद्रिय पद्धतीने पिकविण्यास प्रवृत्त केले. संस्थेला २०१६ मध्ये इक्वेटर पुरस्कार लाभला.

ग्रामपंचायतींनी पाचट व काडीकचरा न जाळता त्याचे कंपोस्ट करण्याचा आग्रह धरावा. पेरणीपूर्वी दहा किलो कडधान्य बियाण्यास २५० ग्रॅम रायझोबियम संवर्धक चोळावे. शिक्षकांनी मुलांना शेतात नेऊन मुळावरील गाठ चिरून दाखवावी. आत गुलाबी रंग दिसला, तर ती गाठ कामात आहे असे समजावे. एवढ्या एका पाठाने जमिनीचे आणि ताटाचे नाते मुलांच्या मनावर ठसेल.